जोडलेला आवाज

त्या बाई दुसऱ्यांदा कॅसेट घेऊन पोलीस ठाण्यात आल्या तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर अजून जसाच्या तसा उभा राहतो. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी भाईंदरला उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होता आणि मी आदल्या दिवशीच्या एका मारामारीचे जबाब वाचत बसलो होतो. बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. पदराच्या टोकात गुंडाळलेली ऑडिओ कॅसेट त्यांनी टेबलावर ठेवली.

"बाई, बसा," मी म्हणालो. "आली का पुन्हा खुशाली?"

त्या बसल्या नाहीत. "साहेब, आवाज माझ्या मुलाचा आहे," त्या म्हणाल्या. "पण हे तो बोलत नाहीये."

पुढचं कळण्यासाठी मागचं सांगायला हवं.

हे कुटुंब मूळचं रत्नागिरीकडचं. नवरा मुंबईत एका गिरणीच्या कचेरीत कारकून होता. निवृत्त झाल्यावर परळची खोली सोडून त्यांनी भाईंदर पूर्वेला छोटा फ्लॅट घेतला होता. मोठ्या मुलीचं लग्न झालं होतं. मुलगा चोवीस वर्षांचा. त्याला व्हिडिओ शूटिंगचा नाद होता. स्टेशनजवळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर लग्नाच्या कॅसेटी करून देणारा एक स्टुडिओ होता, तिथे तो कॅमेरामन म्हणून काम करायचा. वडिलांना हे पसंत नव्हतं. मुलाने एखाद्या कचेरीत चिकटावं, ठरलेल्या वेळी जावं, ठरलेल्या वेळी यावं, असं त्यांना वाटे. एका सणाच्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. वडील म्हणाले, "हेच करायचं असेल तर या घरात परत येऊ नकोस." मुलगा निघून गेला. चार दिवस वाट पाहून आई पोलीस ठाण्यात आली. मिसिंग रजिस्टरला नोंद मीच घेतली होती. वय, उंची, रंग सावळा, बांधा सडपातळ, उजव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण. फोटो जोडला, आजूबाजूच्या जिल्ह्यांना बिनतारी संदेश पाठवले.

त्यानंतर दर आठवड्याला त्या बाई यायच्या. चौकशी करायच्या, बाकावर थोडा वेळ बसायच्या, निघून जायच्या. त्यांचे यजमान बरोबर येत, पण आत कधी आले नाहीत. फाटकाजवळ उभे राहत. आमचा एक हवालदार उत्तनच्या बाजूचा, चौक गावचा होता. तो मला एकदा म्हणाला, "साहेब, म्हातारा आत येत न्हाय. त्याला वाटतंय आपण विचारू, पोरगा का गेला."

सात महिन्यांनी त्यांच्या घरी पोस्टाने एक पाकीट आलं. आत कॅसेट. आवाज मुलाचा. "आई... मी बरा आहे... काळजी करू नका... शोधू नका... मी येतो." एवढंच. पाकिटावर शिक्का मुंबईचा, पण पुसट. कुठल्या पोस्टाचा ते वाचता येत नव्हतं. आम्ही ती कॅसेट पोलीस ठाण्यात हवालदाराच्या टेपरेकॉर्डरवर ऐकली. बाई रडत होत्या आणि हसतही होत्या. यजमान त्या दिवशी प्रथमच आत आले होते. मी दोघांना विचारलं, "आवाज त्याचाच ना? नक्की?" दोघांनीही मान डोलावली.

मुलगा सज्ञान, स्वतःच्या मर्जीने गेलेला, खुशाल असल्याचं त्याच्याच तोंडून कळलेलं. मी अहवाल लिहिला, 'आवाजावरून खात्री केली', आणि वरिष्ठांच्या सहीने ते प्रकरण निकाली काढलं. मिसिंगच्या यादीतून त्याचं नाव कमी झालं. कामाचा ताण होता, हे खरं आहे. पण एक कागद कमी झाल्याचं बरं वाटलं होतं, हेही तितकंच खरं आहे. दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या स्टाफसाठी खोबऱ्याच्या वड्या आणल्या. मी दोन खाल्ल्या.

आणि आता दोन महिन्यांनी त्या समोर उभ्या राहून सांगत होत्या की हे तो बोलत नाहीये.

"कशावरून म्हणता?" मी विचारलं.

"पहिल्या कॅसेटला मी आनंदाने वेडी झाले होते. नंतर रोज ऐकत गेले. दिवसातून दहा वेळा. साहेब, तो म्हणतो 'काळजी करू नका'. मला तो 'नको' म्हणतो. लहानपणापासून. 'आई, काळजी करू नको.' बापाशी तर तो बोलतच नव्हता. घरात आम्ही दोघंच. मग 'नका' कुणाला म्हणतोय?"

मी म्हणालो, "दोघांना मिळून म्हणाला असेल."

"असेल. मीपण मनाला हेच सांगितलं. पण काल ही दुसरी आली. यात पण 'आई' म्हणतो. साहेब, दोन्हीकडचा 'आई' एकच आहे. माणूस दोनदा हाक मारतो तेव्हा ती एकसारखी नसते हो. आणि ही हाक मी आधी ऐकली आहे. माझ्या मुलीच्या लग्नात. ती सासरी निघाली, मी गाडीजवळ रडत होते. तो शूटिंग करत होता. त्याने कॅमेऱ्याच्या मागून मला हाक मारली, 'आई, इकडे बघ.' ती ही हाक आहे."

मी दोन्ही कॅसेटी पुन्हा ऐकल्या. माझ्या कानाला त्यात काहीच वेगळं जाणवलं नाही. स्वच्छ आवाज. मध्ये मध्ये थांबतो, पण घरापासून लांब असलेला मुलगा थांबत थांबत बोलणारच. खरं सांगायचं तर मला वाटलं, वाट पाहून पाहून बाईंच्या मनावर परिणाम झाला असावा. मी हवालदाराकडे पाहिलं. तो माझ्यापेक्षा वयाने मोठा होता, माणसं ओळखण्यात पक्का होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, आईचा कान हाय. एकदा बघायला काय जातंय?"

त्या दिवशी दुपारी आम्ही त्यांच्या इमारतीत गेलो. त्यांच्याकडे व्हिडिओ प्लेअर नव्हता. शेजाऱ्यांनी त्यांच्या घरात मुलीच्या लग्नाची कॅसेट लावून दिली. शेजारीणबाई म्हणाली, "साहब, ये आंटी तो रोज आती थी देखने. हम मना नहीं करते." दोन तासांचं लग्न मी फास्ट फॉरवर्ड करत पाहिलं. हळद, अंतरपाट, जेवणाच्या पंगती. सगळीकडे मागे गाणी घातलेली. शेवटी पाठवणी आली. फुलांनी सजवलेली गाडी, रडणाऱ्या बायका, वर करुण सनई.

"इथे थांबवा," बाई म्हणाल्या.

पडद्यावर त्या स्वतः गाडीच्या दाराला धरून उभ्या होत्या. पदराने डोळे पुसता पुसता त्यांनी एकदम मान वर केली आणि थेट कॅमेऱ्यात पाहिलं. ओठ हलले. 'काय रे?' असं म्हणाल्यासारखे. पण ऐकू येत होती फक्त सनई.

मी ती जागा चार वेळा पाहिली. कुणीतरी त्यांना हाक मारली होती, त्यांनी उत्तर दिलं होतं, आणि लग्नाच्या कॅसेटमध्ये ते दोन्ही झाकलं गेलं होतं. कॅमेऱ्याने टिपलेला मूळ आवाज घरी दिलेल्या कॅसेटमध्ये नव्हताच. तो असेल तर कच्च्या टेपवर असेल. आणि कच्च्या टेपा असतात स्टुडिओत.

स्टुडिओचा मालक पस्तिशीचा होता. घरची भाषा गुजराती, पण भाईंदरमध्येच वाढलेला, मराठी झकास बोलायचा. मुलगा गायब झाला तेव्हा मी त्याचा जबाब घेतला होता आणि तो मला सरळ माणूस वाटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पोलीस ठाण्यात बोलावून घेतलं.

माझ्या मनात तेव्हा एकच विचार होता. मुलगा जिवंत आहे असं भासवण्याची गरज कोणाला पडते? ज्याला तो जिवंत नाही हे माहीत असतं, त्याला. खुनाच्या तपासाची तयारी ठेवूनच मी त्याला समोर बसवलं.

"त्या लग्नाची कच्ची टेप कुठे आहे?"

"पुसली साहेब. आम्ही टेपा परत वापरतो. सगळेच वापरतात. ब्लँक टेप कितीला पडते तुम्हाला माहीत आहे, आणि सीझनला तर मिळत नाही, मग बोरिवलीला जावं लागतं, तिथे पण..."

मी त्याला बोलू दिलं. नोकरीत शिकलेली एक गोष्ट सांगतो. खरं बोलणारा माणूस विचारलं तेवढं सांगतो. लपवणारा माणूस न विचारलेल्या गोष्टींची कारणं देत बसतो. त्याचं बोरिवली, सीझन, ब्लँक टेप सगळं सांगून झालं तेव्हा मी दोन्ही कॅसेटी टेबलावर ठेवल्या आणि एवढंच म्हणालो, "यातली 'आई' ही हाक त्या लग्नातली आहे. त्याच्या आईनेच ओळखली."

त्याचा चेहरा उतरला.

"मावशींनी ओळखली?" त्याने विचारलं.

"हो. आता मला सांग, पोरगा जिवंत आहे की नाही?"

"मला नाही माहीत, साहेब. कसम से नाही माहीत. तो गेला तेव्हापासून त्याचा एक फोन नाही. मी गलत काम केलं, पण गलत मनाने नाही केलं."

मग तो सांगू लागला. मुलगा गेल्यानंतर बाई रोज दुपारी स्टुडिओत यायच्या. काही मागायच्या नाहीत. मुलगा बसायचा त्या स्टुलावर बसायच्या. गिऱ्हाईक आलं की उठून बाजूला उभ्या राहायच्या. निघताना विचारायच्या, "काही कळलं का रे त्याचं?" सहा महिने असंच चाललं. "साहेब, तुम्हाला त्या आठवड्यातून एकदा भेटायच्या. मला रोज. नंतर नंतर त्यांनी जेवण सोडलं. काठीसारख्या झाल्या होत्या. मला वाटलं, ही बाई आता मरणार. दोन शब्द ऐकले तर चार घास खाईल. आणि खाऊ लागल्या, म्हणून दुसरी पण पाठवली."

"आणि 'शोधू नका' कशाला घातलंस?"

त्याने टेबलावरच्या कॅसेटी मागे सारल्या. मग म्हणाला, "शोध चालू राहिला असता तर तुम्ही कॅसेटचा पण तपास केला असता. मी घाबरलो."

दोन पंच घेऊन आम्ही स्टुडिओत गेलो. त्या खोलीत यापूर्वी मी गेलो होतो तेव्हा दोन व्हीसीआर आणि मधे एक मिक्सर एवढंच होतं. एका मशीनवर मूळ टेप चालवायची, दुसऱ्यावर हवा तो तुकडा उतरवायचा. प्रत्येक जोडाला चित्र दचकायचं, आवाज तुटायचा. कॉपीवरून कॉपी काढली की रंग फिके पडायचे. असल्या जोडकामाला कोणीही फसलं नसतं. पण त्या वर्षी त्याने कॉम्प्युटर घेतला होता. भाईंदरमध्ये व्हिडिओच्या धंद्यात तेव्हा फारच थोड्यांकडे तो होता. कच्च्या टेपवरचं चित्र आणि आवाज तो त्यात भरून घ्यायचा आणि पडद्यावरच कापायचा, पुढेमागे करायचा, जोडायचा.

"दाखव," मी म्हणालो.

त्याने मशीन सुरू केलं. पडद्यावर एक आडवी, दातेरी रेघ आली. "हा आवाज आहे, साहेब. मोठ्याने बोलला की रेघ उंच होते. गप्प बसला की सपाट. आता बघा, मी इथून इथपर्यंत उचललं, इथे ठेवलं. मूळ आहे तसंच राहतं, त्याला धक्का लागत नाही. चुकलं तर परत करता येतं." सांगता सांगता क्षणभर तो आपण कुठे अडकलो आहोत हे विसरला. कारागीर माणूस आपलं काम दाखवताना असाच विसरतो. मलाही ते बघताना नवल वाटलं, हे कबूल करतो.

मग त्याने एकेक शब्द त्याच्या मूळ जागी ऐकवला. पंच, हवालदार आणि मी त्या लहानशा खोलीत दाटीवाटीने उभे होतो. बाईही मागोमाग आल्या होत्या. त्यांना मी बाहेर बसायला सांगितलं होतं, पण त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मी त्यांना परत पाठवू शकलो नाही.

पहिली टेप बहिणीच्या लग्नाची, पुसली म्हणून सांगितलेली तीच. गर्दीचा गलका, गाडीचा हॉर्न आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून त्याचा आवाज, "आई, इकडे बघ."

दुसरं कोणाचं तरी लग्न. कुणी तरी म्हणतंय, पुढे ये, खुर्ची घे. त्यावर तो, "मी बरा आहे इथे. तुम्ही बसा."

तिसरी एका साखरपुड्याची. एक म्हातारे गृहस्थ विचारतात, माझा चेहरा नीट येतोय ना? "काळजी करू नका, आजोबा. मस्त येतोय."

चौथी. नवरीच्या कानातलं हरवलंय, बायका सतरंज्या उचलतायत. "आता शोधू नका हो, मुहूर्त होऊ दे आधी."

पाचवी. "तुम्ही व्हा पुढे, मी येतो."

सगळा मुलगा त्या टेपांमध्ये होता. हसरा, घाईत असलेला, लोकांना खुर्चीवर बसवणारा, नवऱ्या मुलीला मान वर करायला सांगणारा. त्याच्या चार वर्षांच्या कामातून पाच तुकडे उचलून त्यांच्यातून एक निरोप तयार केला होता. मागचा गलका पुसून काढला होता. म्हणूनच तो आवाज एवढा स्वच्छ वाटला होता. दारातून बाईंचा आवाज आला, "अजून आहे का रे त्याचं बोलणं?"

स्टुडिओवाला खाली मान घालून म्हणाला, "आहे, मावशी. खूप आहे."

कॉम्प्युटर, कच्च्या टेपा आणि दोन्ही कॅसेटी पंचनामा करून ताब्यात घेतल्या. स्टुडिओवाल्याचं म्हणणं मी सगळ्या बाजूंनी तपासलं. मुलगा गेला त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस तो वसईला एका लग्नाच्या कामावर होता, साक्षीदार होते. मुलाच्या जाण्याशी त्याचा संबंध नव्हता.

आता माझ्यासमोर खरा प्रश्न होता. निरोप खोटा, म्हणजे मुलगा अजून बेपत्ताच आहे. आणि मधले दोन महिने त्याला कोणी शोधलेलं नाही.

मी प्रकरण पुन्हा उघडलं. पहिलं काम म्हणजे मधल्या काळात बाहेरून आलेले बिनतारी संदेश तपासणं. अनोळखी जखमी आणि बेवारस मृतदेहांचे असे संदेश प्रत्येक पोलीस ठाण्याला रोज येतात. ठाणे अंमलदार ते मिसिंगच्या यादीशी ताडून बघतो. यादीत जुळणारं कोणी नसेल तर संदेश फाइलला लागतो. मी आणि हवालदार ती फाइल घेऊन बसलो. तासाभरात तो कागद हाती आला.

गुजरातमध्ये महामार्गावरच्या एका गावातलं सरकारी रुग्णालय. ट्रक अपघातातील अनोळखी जखमी पुरुष. वय बावीस ते पंचवीस, रंग सावळा, बांधा सडपातळ, उजव्या भुवईवर जुना व्रण. बेशुद्ध. ओळख पटवणारे कोणी असल्यास त्वरित कळवावे. कागदावर आमच्या पोलीस ठाण्याचा आवक शिक्का होता. मी त्यावरची तारीख पाहिली आणि माझा निकाली अहवाल काढून त्याच्या शेजारी ठेवला. अहवालानंतर चौथ्या दिवशी तो संदेश आला होता. त्याच्याशी जुळणारं नाव आमच्या यादीत नव्हतं, कारण ते मीच चार दिवस आधी कमी केलं होतं.

हवालदाराने दोन्ही कागद वाचले. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

मी तिथल्या पोलिसांशी फोनवर बोललो. तो मुलगा संदेश पाठवल्यानंतर आठ दिवस जगला होता. कोणी आलं नाही, म्हणून बेवारस म्हणून अंत्यसंस्कार झाले. फोटो आणि कपडे ठेवले आहेत.

ओळख पटवायला मी वडिलांना घेऊन जाणार होतो. बाई म्हणाल्या, "मीपण येणार." मी अडवलं नाही. जीपने चार तास लागले. तिथल्या ठाण्यात कपड्यांचं गाठोडं सोडलं तेव्हा बाईंनी फोटोकडे पाहिलंच नाही. शर्ट उचलला, खिशाची शिवण अंगठ्याने चाचपली. "हा खिसा मी लावला होता," त्या म्हणाल्या. "पेन ठेवून ठेवून उसवायचा." वडिलांनी फोटो पाहिला आणि पंचनाम्यावर सही केली. त्यांचं अक्षर कारकुनाचं होतं, सुंदर. सही मात्र अर्ध्यावर थांबली आणि मग पुरी झाली.

रुग्णालयात त्या वॉर्डची परिचारिका भेटली. बाईंनी तिला तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, "कुछ बोला क्या वो?"

"नहीं, माजी. दो बार आँख खोली थी. बोला कुछ नहीं."

बाहेर आल्यावर झाडाखालच्या कट्ट्यावर मी दोघांना बसवलं. जे सांगायचं होतं ते मीच सांगायला हवं होतं. संदेश कधी आला, नाव यादीतून कोणी कमी केलं, तो त्यानंतर किती दिवस होता, सगळं सांगितलं. "मी नाव यादीत ठेवलं असतं तर तुम्ही त्याला भेटला असता," मी म्हणालो. "ही चूक माझी आहे."

मला वाटलं होतं, बाई शिव्या देतील, रडतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "आठ दिवस?"

"हो."

"आठ दिवसांत मी चालत पण पोचले असते."

मी कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसलो.

मग त्यांनी वेगळंच विचारलं. "साहेब, तो ट्रक कुठे चालला होता?"

मला प्रश्न कळायला क्षणभर लागला. मी अपघाताच्या कागदांची नक्कल घेतली होती. त्यातला स्थळ पंचनामा काढला. अशा पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, टायरच्या खुणा, वाहनाची दिशा असं सगळं ठरलेल्या भाषेत लिहिलेलं असतं. आम्ही पोलीसही ते नजरेखालून घालतो, वाचत नाही. कागद गुजरातीत होता. जोडीला आलेल्या तिथल्या जमादाराने दिशेचं वाक्य शोधून अर्थ सांगितला आणि मी मराठीत सांगितलं, "सदर ट्रक सुरतेकडून मुंबईकडे जात असताना..."

"मुंबईकडे?"

"मुंबईकडे. ट्रक चालकाचाही जबाब आहे. तुमच्या मुलाने वाटेत हात दाखवून गाडी थांबवली होती. घोडबंदरच्या नाक्यावर सोड म्हणाला होता."

घोडबंदरच्या नाक्यावर उतरणारा माणूस कुठे जातो, हे आम्हा तिघांनाही सांगायला नको होतं. तिथून भाईंदर काही मिनिटांवर.

बाई नवऱ्याकडे वळल्या. "येत होता," त्या म्हणाल्या. "ऐकलंत? घरी येत होता."

इतके महिने फाटकाबाहेर उभे राहिलेले ते गृहस्थ ओंजळीत तोंड घालून बसले. मग म्हणाले, "मी येऊ नको म्हणालो होतो. तरी येत होता." माझ्याकडे बघून त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. जमादाराने वाचलं, मी सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, पुरे.

परत आल्यावर मी घडलेलं सगळं लिहून वरिष्ठांपुढे ठेवलं. मला लेखी ताकीद मिळाली. ती रास्तच होती. स्टुडिओवाल्याविरुद्ध खोटी माहिती देऊन पोलिसांची दिशाभूल केल्याचं प्रकरण न्यायालयात गेलं. त्याने गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. त्याच्या हातून जे झालं ते दयेपोटी झालं, असं मी तेव्हाही मानत होतो, आताही मानतो. पण आपण एका भुकेल्या बाईला घास भरवतोय असं त्याला वाटत होतं, आणि त्याच वेळी तिच्या मुलाकडे जाण्याची वाट बंद होत होती. हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. दोघांच्या चांगुलपणाने आणि घाईने मिळून ते काम केलं.

मुद्देमाल सुटल्यावर बाई त्याच्याकडे गेल्या, हे मला नंतर कळलं. त्यांनी त्याला एकच काम सांगितलं. मुलीच्या लग्नाच्या कॅसेटमधली सगळी गाणी काढून टाक. सनई काढ. जसं होतं तसं ठेव. गलका, हॉर्न, सगळं. त्याने त्याच मशीनवर ते करून दिलं. काही वर्षांनी त्या मला भाईंदरच्या बाजारात भेटल्या. केस पिकले होते, पण तब्येत बरी होती. बाजारातल्या गर्दीत त्या म्हणाल्या, "चित्रात तो कुठेच दिसत नाही, साहेब. दोन तासांत एकदाही नाही. पण सगळ्यांना तोच बघतोय ना." मी त्यांची पिशवी रिक्षापर्यंत नेऊन दिली.

आता त्या खोलीतलं यंत्र प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. कुणाच्याही तोंडी काहीही घालता येतं, आणि चित्रही तसंच करता येतं. लोक मला विचारतात, खरं खोटं ओळखायचं कसं? यंत्राचं मला फारसं कळत नाही. पण सेवेच्या शेवटच्या वर्षांत प्रशिक्षणाला आलेल्या नव्या उपनिरीक्षकांना मी एक गोष्ट सांगायचो. मिसिंगची तक्रार घेताना वय, उंची, रंग, कपडे हे रकाने तर भराच. पण समोर बसलेल्या माणसाला आणखी एक प्रश्न विचारा, "तो तुम्हाला हाक कशी मारतो?" उत्तर द्यायला ती माणसं थांबतात. बऱ्याच जणी तिथेच रडायला लागतात, म्हणून घाई करू नका. फॉर्मवर त्यासाठी जागा नाही. समासात लिहा.